गूळ घातला म्हणून ओट्सची वडी ‘बिनसाखरेची’ होत नाही

इंदूरला रामबागेत कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की हल्ली ओट्सची वडी पुढे येते, आणि सोबत ग्वाही: “घ्या हो काकू, गुळाची आहे, डायबिटीसवाल्यांनाही चालते.” तसं नाहीये. १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी, तर गुळात ३८०च्या आसपास. गूळही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे पांढऱ्या साखरेत असते तीच साखर. मधातही सुमारे ८० टक्के साखरच. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा तंतू खरोखर गुणाचा, पण तो वाटीभर गुळाची भरपाई करत नाही.

गोडच कमी करावं लागतं. मी दोन वाट्या ओट्सना दोन पिकलेली केळी कुस्करून घालते, सहा खजूर, मूठभर दाण्याचं कूट, चमचाभर तूप. भाजून पूर्ण गार झाल्यावरच कापते, नाहीतर भुगा होतो. खजुरातही साखर आहेच, म्हणून सासऱ्यांच्या बशीत एकच लहान तुकडा.