स्प्रिंग बसली, पंपिंग का वाढंना?

सोलापुरात आमच्या गल्लीत एक जॉबरकाका आहेत, म्हणजे माग दुरुस्त करणारे. उभं आयुष्य अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांवर गेलं. गेल्या श्रावणात त्यांना अटॅक आला. छातीत आग होतेय म्हणून त्यांनी आधी सोडा घेतला, मग ओवा चावला, मग पंखा लावून पडून राहिले. दवाखान्यात पोचेपर्यंत पाच तास उलटले होते. अँजिओप्लास्टी झाली, 'स्प्रिंग' टाकली, काका घरी आले. तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला, तर कागदावर पंपिंग ३५. टपरीवर तो कागद माझ्यापुढे धरून काका म्हणाले, "नळी तर उघडली न्हवं? मग मोटार का पळंना?"

प्रश्न पक्का जॉबरचा आहे. पट्टा बदलला की माग चालायला पाहिजे.

आधी तो आकडा. पंपिंग ३५ म्हणजे शंभरातले ३५ मार्क नव्हेत. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरतो, तेव्हा त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं, ते हे माप. धडधाकट माणसाचंही साधारण ५५ ते ७० असतं. शंभर कुणाचंच नसतं.

आता नळी. सोलापुरात वर्षानुवर्षं पाणी चार-पाच दिवसांनी येत आलंय, म्हणून घरोघरी टाक्या आणि बॅरल. हृदयाच्या स्नायूकडे असली टाकी नाही. कप्प्यांतून अखंड रक्त वाहतं, पण स्नायूला लागणारा पुरवठा बाहेरून, करोनरी धमन्यांतून येतो. त्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन हा स्नायू शांत बसलेल्या माणसातसुद्धा काढून घेतो, म्हणजे शिल्लक अशी उरतच नाही. धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थराचं झाकण फाटलं, त्यावर गुठळी धरली आणि वाट पूर्ण बंद झाली, की साधारण वीस मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरू लागतात. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की हे मरण कप्प्याच्या आतल्या बाजूने सुरू होतं आणि काही तासांत लाटेसारखं बाहेरच्या बाजूला सरकतं. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जाग्या माणसाची करोनरी धमनी पहिल्यांदा फुग्याने रुंद केली. फुग्यानंतर स्टेंट आला, म्हणजे आपली स्प्रिंग: जाळीची बारीक नळी. ती वाट उघडी ठेवते. लाट जिथवर पोचली असेल, तिथे थांबते. मागे जात नाही. काकांचे ते पाच तास, सोडा आणि ओव्यासकट, त्या ३५ मध्ये आहेत.

मेलेल्या जागी व्रणाची ऊती भरते. चादर फाटली की ठिगळ लावतो, तसं. ठिगळ भोक बुजवतं, हृदय फुटू देत नाही, पण आकुंचन पावत नाही. कडेचा काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न झालेला असतो. तो काही आठवड्यांत जागा होतो आणि पंपिंग थोडं वर येतं. म्हणून लगेचच्या इकोवर निकाल लावायचा नसतो.

पण हाड जुळतं, कातडी भरून येते, मग हृदयच का भरून येत नाही? याचं उत्तर ज्या वाटेने मिळालं, ती मला फार आवडते.

१९५५ च्या सुमारापासून १९६३ पर्यंत महासत्तांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्यांचा सपाटा लावला. हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. उघड्या हवेतल्या चाचण्यांवर बंदी आणणाऱ्या १९६३ च्या करारानंतर समुद्र आणि झाडं तो शोषत गेली आणि प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. हवेतला कार्बन ज्वारीत, ज्वारी भाकरीत, भाकरी आपल्यात. पेशी विभागताना नवा डीएनए बनतो, त्यात त्या वर्षीचा कार्बन बसतो आणि तिथेच राहतो. म्हणजे डीएनएवर जन्मसालाचा शिक्का! स्टॉकहोममधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या हृदयातल्या पेशींचे हे शिक्के वाचले. निष्कर्ष २००९ साली आला: पंचविशीत हृदयस्नायूच्या वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. आयुष्यभरात निम्म्यासुद्धा बदलत नाहीत.

इथे एक खोच होती. हृदयपेशी कधी कधी न विभागताच डीएनएची जादा प्रत काढते. काही पेशींत दोन केंद्रकं असतात, काही केंद्रकांत गुणसूत्रांचे दुप्पट संच. मग नवा कार्बन म्हणजे नवी पेशी, की जुन्याच पेशीत नवी प्रत? त्यांनी ट्रोपोनिन या हृदयाच्या खास प्रथिनावरून केंद्रकं वेगळी काढली, प्रत्येकातला डीएनए मोजला, दुप्पट होण्याचं वय लहानपणातच संपतं हे धरून हिशेब दुरुस्त केला. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला तर सोडून द्या, मलाही तीनदा वाचावा लागला.)

आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांत सापडणारा झेब्रा मासा मात्र हृदयाच्या मुख्य कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा वाढवतो. उंदराचं पिल्लूही जन्मानंतर आठवडाभर हे करू शकतं, मग विसरतं. माणसाच्या हृदयातही दुरुस्ती करणाऱ्या मूळपेशी (स्टेम सेल) भरपूर आहेत, असा दावा अमेरिकेत वर्षानुवर्षं झाला. २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने हा दावा करणाऱ्या पिएरो अँवेर्सा यांच्या प्रयोगशाळेतले ३१ शोधनिबंध मागे घ्यायला सांगितले. आकडे आणि चित्रं खोटी होती. आता जर्मनीत मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयस्नायूचं ठिगळ हृदयावर शिवून बघतायत. आधी माकडांवर झालं, मग मोजक्या रुग्णांवर. हे ठिगळ निदान धडधडतं.

आणि पेपरातून पडणारी ती पत्रकं: 'ब्लॉकेज विरघळवा, बायपास टाळा'. ब्लॉकेज नळीच्या आत चिकटलेला गाळ नाही. ते धमनीच्या भिंतीच्या आत असतं. काढ्याने घासून ते निघत नाही. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या त्यावरचं झाकण घट्ट करतात, थर जरासा आक्रसतो, एवढंच. त्या पत्रकवाल्यांना मी एकदाच विचारलं होतं की भिंतीच्या आत कसं पोचता. त्यांनी मला दुसरं पत्रक दिलं.

काकांना हे सगळं सांगितलं. ते १९५१ चे. चाचण्यांच्या सपाट्याआधी जन्मलेल्यांच्या हृदयपेशींत जन्मावेळच्या हवेपेक्षा जास्त कार्बन-१४ सापडला, यावरूनच तर कळलं की काही पेशी नंतर बनल्या.

"म्हंजे त्या बॉम्बचा कचरा माझ्या छातीत?"

"थोडा."

"आन् तुझ्या?"

माझा जन्म १९७४ चा, करारानंतरचा, पण हवेतला जादा कार्बन तेव्हा अजून उतरतच होता. म्हटलं, "माझ्यात जास्त असंल."

काकांनी बशीतला चहा संपवला आणि इकोचा कागद घडी घालून खिशात ठेवला.