टूल म्हणतं ‘बग नाही’, म्हणजे नेमकं काय?

इंदुरात एम.टेक.च्या प्रोजेक्टला फॉर्मल मेथड्स (प्रोग्राम बरोबर आहे हे गणिताने तपासायच्या पद्धती) घेणारी पोरं आता दिसायला लागलीत, आणि रिव्ह्यूला वाद हमखास तोच: तुमचं टूल सगळे बग पकडतं का, नसेल पकडत तर फॉर्मल कसलं? हा वाद काही इथला नाही, जगभर कित्येक वर्षं चाललाय.

फार मागे जात नाही. 1969 ला प्रोग्राम बरोबर आहे हे गणितासारखं सिद्ध करायची रीत आली, 1977 ला प्रोग्राम न चालवता त्याच्या सगळ्या शक्यता ढोबळपणे कवेत घ्यायची थिअरी, 1981 च्या सुमारास मॉडेल चेकिंग, म्हणजे प्रोग्रामच्या सगळ्या अवस्था आपोआप तपासणं. मग 1996 ला एरियन 5 रॉकेट 40 सेकंदांच्या आत फुटलं, 64 बिटांचा आकडा 16 बिटांत कोंबला म्हणून, आणि बाहेरच्यांचंही लक्ष इकडे वळलं.

खरी भानगड पुढची. ढोबळ हिशेब करणारं टूल आपल्या प्रकारातला एकही बग सोडत नाही, पण काही नसतं तिथेही बोंब मारतं, आणि दहातल्या आठ वॉर्निंग फुसक्या निघाल्या की प्रोग्रामर उरलेल्या दोन वाचतच नाही. म्हणून 2000 च्या आसपास जावासाठी एक टूल आलं, ईएससी/जावा, त्यात बनवणाऱ्यांनी एकही बग न सोडण्याची गॅरंटी जाणूनबुजून सोडली: लूप ठरावीक वेळाच उलगडायचा, म्हणजे तेवढ्याच फेऱ्या तपासायच्या, आणि बेरीज ओव्हरफ्लो होत नाही, म्हणजे ठरलेल्या बिटांत मावते, असं धरूनच चालायचं. माझ्या मते निर्णय बरोबर होता, कारण निदान टूल वापरलं तरी जातं. पण किंमत बघा. जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च घ्या, मधली जागा काढायला दोन टोकांची सरासरी, लो अधिक हाय भागिले दोन, कॉलेजात सगळ्यांनी पाठ केलेली ओळ. ॲरे 107 कोटींच्या वर गेला की ती बेरीज 2,147,483,647 ही जावाच्या इंटची कमाल मर्यादा ओलांडू शकते, उत्तर मायनसमध्ये जातं आणि प्रोग्राम झोपतो. हा बग साधारण नऊ वर्षं तिथेच होता, 2006 ला चव्हाट्यावर आला. ओव्हरफ्लो धरतच नाही त्या टूलला तो दिसणार कसा?

आपल्याकडे तेच जरा वेगळ्या रूपात चालतं. सीबीएमसी या सी प्रोग्राम तपासणाऱ्या टूलला लूप पाच वेळा उलगडायला सांगायचं, स्क्रीनवर ‘व्हेरिफिकेशन सक्सेसफुल’ आलं की फोटो काढून रिपोर्टात चिकटवायचा, झालं. पाचच्या पुढे लूप जातो का हे तपासणारा ऑप्शन चालू होता का ते मात्र कोणी विचारत नाही, एक्स्टर्नल पण नाही (त्यांना साडेचारची बस असते).

पूर्ण गॅरंटीवाले गप्प बसलेत असंही नाही हं. 2003 ला एअरबस ए340 च्या उड्डाण नियंत्रणाच्या 1,32,000 ओळींच्या सी कोडमध्ये ठरावीक प्रकारच्या रनटाइम एरर नाहीतच, हे ॲस्ट्रे नावाच्या टूलने आपोआप सिद्ध केलं, तेही एका खोट्या अलार्मशिवाय. 2009 ला एसईएल4 या कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) सी कोड ठरवून दिल्याप्रमाणेच चालतो हे सिद्ध झालं, पण साधारण 8,700 ओळींच्या सी कोडला सिद्धता लागली 2,00,000 ओळींची! एवढी ताकद दोन सेमिस्टरच्या प्रोजेक्टात कोण आणणार.

2015 ला या विषयातल्या बऱ्याच संशोधकांनी मिळून जाहीर लिहिलं की गॅरंटी सोडा हवं तर, पण काय सोडलं ते पेपरात स्पष्ट सांगा. रिव्ह्यूत मागायचं ते एवढंच, किती वेळा उलगडलं, कुठले चेक बंद ठेवले आणि का, एक पान पुरतं.