महाबळेश्वरचा पाऊस वाईत का पडत नाही

जुलैत कधीतरी महाबळेश्वरहून वाईला एसटीने उतरून बघा. वर धुकं इतकं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो, सीट ओली, आणि पसरणीचा घाट उतरून खाली आलात की लोक छत्री काखेत मारून निवांत चहा पितायत! अंतर म्हणाल तर जेमतेम ३०-३२ किलोमीटर. वर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, वाईत हजारसुद्धा नाही.

होतं काय की अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा सह्याद्रीला थडकतो, वर चढतो, चढताना गार होतो आणि गार हवेला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही मग ती तिथंच कोसळते. डोंगर ओलांडून तीच हवा खाली उतरते तेव्हा तापते, ढग विरतात, खेळ खल्लास. पर्जन्यछाया, भूगोलात दोन मार्कांना असायची ती हीच. म्हणून वर अंजनी, जांभूळ, हिरडा, बुंध्यांवर शेवाळाचा थर, आणि खाली बोरी-बाभळी.

पण नुसता पाऊस असून भागत नाही. साताऱ्याजवळचं कास पठार घ्या, पाऊस धो धो, तरी मोठं झाड शोधावं लागतं. कारण खाली सगळा जांभा दगड, माती कुठं बोटभर तर कुठं तेवढीही नाही. चार महिने पाणी साचलेलं, नंतर तवा. अशा सड्याला, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराला, लोक सरळ पडीक जमीन म्हणतात, मला तरी ते पटत नाही, कारण या "पडीक" जागेत फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जाती आहेत आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या त्यात कासही आहे.

गर्दी फुलांचे फोटो काढत असते, तुम्ही जरा उकिडवे बसून गवतात बघा. दवबिंदू नावाचं वीतभर रोप, पानावर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चकचकीत थेंब. दव नाही ते, चिकट डिंक आहे. चिलट बसलं की अडकलं, मग आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. मातीत नायट्रोजन नावापुरताच, मग तो किड्यांतून मिळवायचा. शेजारची ती निळीजांभळी नाजूक सीतेची आसवं, तीही शिकारीच, फक्त तिचे सापळे खाली ओल्या मातीत लपलेले, टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या.