कॅनडातील आदिवासींचे लाभ: रिझर्व्हवर अर्ज कुठे, शहरात गेल्यावर कुठे

रिझर्व्ह (आदिवासी समूहांसाठी राखून ठेवलेली जमीन) सोडले की सगळे लाभ बंद होतात, हा समज कॅनडात फार पसरलेला आहे आणि त्यापायी अनेक कुटुंबे हक्काच्या पैशाला मुकतात. खरे तर प्रत्येक लाभाची अट वेगळी आहे. तिथे फार्मसीत, दवाखान्यात किंवा कर-विवरणपत्रे भरून देण्याच्या कामात असलेल्या मराठी मंडळींनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

राहण्याच्या पत्त्यावर ठरते ती दरमहा उत्पन्न-मदत. रिझर्व्हवर राहणाऱ्याने बँड ऑफिसात, म्हणजे तिथल्या आदिवासी समूहाच्या (बँडच्या) कारभाराच्या कार्यालयात, अर्ज करायचा. पैसा संघराज्य सरकारचा, पण दर आणि पात्रता त्या प्रांताच्या नियमांना धरून असतात. ऑन्टारिओत १९६५च्या करारानुसार फर्स्ट नेशन्स (असे आदिवासी समूह) प्रांताचीच योजना राबवतात. रिझर्व्हबाहेर मात्र इतर रहिवाशांसारखाच थेट प्रांताच्या कार्यालयात अर्ज. ओळखपत्र, सोशल इन्शुरन्स नंबर (सरकारने दिलेला वैयक्तिक क्रमांक), भाड्याचा कागद, बँकेचा उतारा आणि उत्पन्नाचे पुरावे जवळ ठेवा; जोडीदाराचेही लागतात. एकाच महिन्याची मदत दोन्हीकडून मिळत नाही, म्हणून घर बदलताना शेवटची मदत कोणत्या महिन्याची होती हे बँड ऑफिसकडून लेखी घ्या.

औषधे, दात, चष्मा आणि उपचारासाठीचा प्रवास यांचा खर्च देणाऱ्या नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्सला पत्त्याशी देणेघेणे नाही. इंडियन ॲक्ट या संघराज्याच्या कायद्याखाली नोंद असलेली व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त इन्युइट (उत्तर ध्रुवाकडील आदिवासी) टोरांटोत राहिली तरी पात्र. मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज) मात्र यात येत नाहीत. ब्रिटिश कोलंबियात २०१३पासून हे काम तिथली फर्स्ट नेशन्स हेल्थ ऑथॉरिटी पाहते. दुसरा विमा असेल तर बिल आधी तिकडे पाठवावे लागते. स्वतः भरलेल्या पैशाचा दावा उपचाराच्या तारखेपासून एका वर्षात करायचा. बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत त्याचा खर्च पालकाच्या नोंदणी क्रमांकावर मिळतो, पुढे नाही. म्हणून बाळाची नोंदणी जन्मानंतर लगेच सुरू करा, निकालाला बराच वेळ लागतो. इथे जन्मदाखला आईवडिलांच्या नावांसह असलेला, सविस्तरच हवा. छोट्या दाखल्यावर ती नावे नसतात आणि वंश सिद्ध झाल्याशिवाय नोंद होत नाही.

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते विवरणपत्र न भरल्याने. नोंद असलेल्या व्यक्तीची रिझर्व्हवरची कमाई इंडियन ॲक्टच्या कलम ८७नुसार करमुक्त असते, म्हणून लोक विवरणपत्रच भरत नाहीत. पण मुलांसाठी दरमहा मिळणारा कॅनडा चाइल्ड बेनिफिट त्यावरूनच ठरतो, उत्पन्न शून्य असले तरी. पती-पत्नी दोघांनीही दरवर्षी भरायचे, नाहीतर जुलैपासून हप्ता थांबतो. करमुक्त उत्पन्न टी९० फॉर्मवर दाखवतात. ते या लाभाच्या हिशेबात धरले जात नाही.

अशा करमुक्त पगारातून कॅनडा पेन्शन प्लॅन या सरकारी निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी आपोआप कापली जात नाही. मालकाने किंवा कामगाराने तसा पर्याय निवडावा लागतो. नोकरी लागतानाच हे विचारून घ्या, कारण वर्गणी गेली नाही त्या वर्षांमुळे पुढे निवृत्तिवेतन कमी बसते.