पीकविम्यातली बोगसगिरी, सॅटेलाइट आणि एआय: मराठवाड्यातली पार्श्वभूमी

सरकारी योजनांतली बोगसगिरी एआयनं पकडायची, ही भाषा आता सगळीकडं ऐकू यायलीय, लाडकी बहीण असो, रेशन असो नाहीतर अतिवृष्टीचं अनुदान. पण मराठवाड्यात याचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो पीकविम्यावर, आणि सगळ्यात जास्त भोगलं ते पण पीकविम्यातच, म्हणून इथं भर त्याच्यावरच आहे.

खोट्या नावाची गोष्ट जुनीच. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली तेव्हापासून मस्टरवरच्या खोट्या हजेऱ्यांच्या तक्रारी आहेत. विमा १९८५ मध्ये देशपातळीवर आला, १९९९ मध्ये बदलला, २०१६ च्या खरिपापासून सध्याची पंतप्रधान पीक विमा योजना सुरू झाली. तोपर्यंत कुणी फार खोलात जाऊन तपासत नव्हतं, कारण अर्ज बँकेतून जायचे.

खरी कलाटणी मिळाली बीडमधून. २०२० च्या खरिपाआधी बीड जिल्ह्यासाठी टेंडरला एकही कंपनी पुढं येईना, नुकसानभरपाई जास्त जाते आणि धंदा परवडत नाही म्हणून. मग सरकारी विमा कंपनीला घेऊन एक सूत्र ठरलं, तोच बीड पॅटर्न. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर कंपनी देणार, त्याच्या वर राज्य देणार, आणि भरपाई ८० टक्क्यांपेक्षा कमी झाली तर कंपनीनं २० टक्के ठेवून बाकीचे पैसे राज्याला परत करायचे. २०२२ पासून हे राज्यभर लागू झालं. यात कंपनीचा तोटा एका मर्यादेत बांधला गेला, शेतकऱ्यालाही संरक्षण मिळालं, माझ्या मते हे काम चांगलंच होतं.

मग २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. शेतकऱ्यानं फक्त १ रुपया भरायचा, बाकीचा त्याचा हिस्सा राज्य भरणार. २०२२ च्या खरिपात राज्यात एक कोटीच्या आत असलेले अर्ज एकदम १ कोटी ७० लाखांच्या आसपास गेले. यातले लई जण खरे होते, ज्यांना आधी हप्ता परवडत नव्हता ते आले, हे विसरून चालणार नाही. पण ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्याला एका अर्जामागं ४० रुपये मिळत होते आणि शेतकऱ्याच्या खिशातून जाणार होता एकच रुपया, म्हणजे खोटा अर्ज भरायला जवळपास काहीच खर्च नव्हता. मग गायरानावर विमा, देवस्थानच्या जमिनीवर विमा, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉटवर विमा, दुसऱ्याच्याच सातबाऱ्यावर विमा, कांदा लावलाच नाही तरी कांद्याचा विमा, असं सगळं बाहेर यायला लागलं. बीड आणि परभणीची नावं त्यात सारखी वर राहिली, आणि इथला प्रत्येक शेतकरी बोगस असल्यासारखं टीव्हीवर बोललं जायला लागलं, ते लई लागणारं होतं.

आता हे पकडलं कसं ते बघा, कारण एआय या शब्दाखाली दोन-तीन वेगळी कामं येतात. पहिलं काम नुसत्या जुळवणीचं: विम्याच्या अर्जातला गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी जुळवायचं, आधारशी नाव जुळवायचं, पेरणीपेक्षा विम्याचं क्षेत्र जास्त निघालं की ते महसूल मंडळ (काही गावांचा मिळून गट) बाजूला काढायचं. बरेच बोगस अर्ज यातच सापडले. दुसरं काम ई-पीक पाहणीचं, १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात सुरू झालेलं ॲप, शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा. तिसरं काम म्हणजे सॅटेलाइटच्या फोटोंवरून पीक कोणतं आणि उत्पादन किती येईल हे मशीन लर्निंगनं काढायचं. २०२३ च्या खरिपापासून देशात भात आणि गव्हासाठी अशा अंदाजाला उत्पादन ठरवताना किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरलं आणि मागून सोयाबीन पण त्यात आलं.

सोयाबीन आलं म्हणजे मराठवाडाच आला. आणि इथं अडचण अशी की खरिपात ढग असतात, साध्या सॅटेलाइटला ढगाखालचं दिसत नाही, रडारवाल्याला दिसतं पण त्याला सोयाबीनमध्ये घेतलेली तूर वेगळी काढणं अवघड. आपल्याकडं सोयाबीन-तूर सोबत घेणारे कितीतरी. त्यात गटाचा नकाशा सरकलेला असला की माणूस स्वतःच्या बांधावर उभा असतो आणि ॲप म्हणतं तुम्ही गटाच्या बाहेर आहात. नावांचं पण तसंच, निजामाच्या काळातल्या नोंदी, मग खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद), मग हाताचा सातबारा, मग कॉम्प्युटरचा, दर टप्प्याला नावात काहीतरी बदललेलं. सातबाऱ्यावर एक आणि आधारवर एक, मग सिस्टीम म्हणणार जुळत नाही. जुळत नाही म्हणजे माणूस चोर आहे असं होत नाही ना, पण खात्यावर पैसे न येण्याचा परिणाम खऱ्याला आणि चोराला सारखाच.

शेजारच्या तेलंगणात हे आधीच घडून गेलंय. नांदेडच्या लोकांचे पाहुणे-रावळे निजामाबादकडं असतात, त्यांना ठाऊक असेल. तिथं प्रत्यक्ष चौकशी न करता कॉम्प्युटरच्या यादीवरून १९ लाखांच्या आसपास रेशनकार्डं रद्द झाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घरी जाऊन परत पडताळणी करा. नेदरलँडमध्ये तर पाळणाघराच्या अनुदानात हजारो आईबापांना चुकीनं फसवे ठरवलं म्हणून जानेवारी २०२१ मध्ये सरकारच पायउतार झालं.

आता ज्या निर्णयावर सगळ्यात जास्त भांडण आहे तो. मे २०२५ मध्ये राज्यानं एक रुपयाची योजना बंद केली. शेतकऱ्याचा हिस्सा परत खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला ५ टक्के झाला, फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) आणि ई-पीक पाहणी बंधनकारक झाली. कारण दिलं बोगस अर्जांचं आणि तिजोरीवरच्या भाराचं. इथपर्यंत समजू शकतो. पण त्याच्यासोबत चार गोष्टी पण काढून टाकल्या: पेरणीच न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, आणि काढणीनंतरचं नुकसान. राहिला फक्त पीक कापणीवर आधारलेला मंडळाच्या सरासरीचा हिशोब. म्हणजे ७२ तासांत तक्रार करायची, पंचनामा व्हायचा, त्यातून जी भरपाई सप्टेंबर-ऑक्टोबरात हाताला लागायची ती वाटच बंद. आता मला सांगा, गायरानावर विमा काढणाऱ्याचा आणि काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या ढिगाला पाणी लागण्याचा काय संबंध? बोगस अर्ज हा अर्ज भरतानाचा विषय आहे, तो फार्मर आयडीनं अडतो. भरपाईचे निकष काढल्यानं नुकसान झालं ते खऱ्याचंच.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्या फुगल्या. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, जालना, परभणी, कुठलंच सुटलं नाही, जमिनीच खरडून गेल्या. ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, पण विम्याच्या हक्काची जागा मदतीनं घेतली, हा फरक छोटा नाही.

या सगळ्यात एका गोष्टीकडं मशीन वळवलंच गेलं नाही असं मला ठामपणे वाटतं, ती म्हणजे लॉगिन. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात कोट्यवधींचा घोळ निघाला, खोट्या नावांच्या याद्या अपलोड झाल्या होत्या, आणि त्यात निलंबित झाले ते महसूलचेच कर्मचारी. विम्यातही बरेच खोटे अर्ज कुठल्यातरी सेवा केंद्राच्या आयडीवरूनच गेलेले असतात. एकाच आयडीवरून किती अर्ज गेले, किती रात्री गेले, किती जिल्ह्याबाहेरच्या सातबाऱ्यांवर गेले, कितींना एकच बँक खातं जोडलं, हे काढायला सॅटेलाइट लागत नाही, ढगांचा अडथळा नाही, आणि चूक झाली तरी गरिबाचे पैसे थांबत नाहीत, फक्त एका ऑपरेटरची चौकशी होते. रोजगार हमीच्या हजेरी ॲपचं तेच झालं, २०२५ मध्ये केंद्रानंच कळवलं की फोटोचा फोटो काढून हजेरी लावली जाते. तो फोटो काही मजूर अपलोड करत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं सांगितलं की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भातात पाणी साचून झालेलं नुकसान विम्यात धरणार, आणि त्यासाठी ७२ तासांत ॲपवर जागेच्या खुणेसकट फोटो टाकायचे. रोही-डुकरांचा त्रास आपल्याकडं आहेच, ते बरं झालं. भात मात्र आपल्याकडं नावालाच, आणि सोयाबीनमध्ये पाणी साचलं तर स्थानिक आपत्तीचा निकष परत घ्यायचा का नाही हे तेव्हा राज्यानं ठरवायचं होतं.