प्रभात एकट्या शांतारामबापूंची नव्हती

'प्रभात? ती तर व्ही. शांतारामांची पुण्यातली चित्रपट कंपनी!' हे इतक्यांदा कानावर पडतं, की खरंच वाटू लागतं. पण ते अर्धवट आहे. कंपनी निघाली १ जून १९२९ला, कोल्हापुरात. पुण्याला बिऱ्हाड हललं १९३३मध्ये. आणि भागीदार पाच: विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि पैशाची बाजू उचलणारे सीताराम कुलकर्णी (यांचं नाव तर कुणी घेतच नाही). पडद्यावर तुतारी फुंकणारी ती बाई, म्हणजे प्रभातचं बोधचिन्ह, दिसली की आपल्याला बापूच आठवतात. पण 'संत तुकाराम' (१९३६) दिग्दर्शित केला दामले-फत्तेलाल जोडीनं. शांताराम १९४२मध्ये बाहेर पडले, मुंबईत त्यांनी 'राजकमल' ही स्वतःची चित्रसंस्था काढली. प्रभातचे चित्रपट मात्र त्यानंतरही येत राहिले, 'रामशास्त्री' १९४४चा.