बांधीतली लाल मान

गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत दुरून पाहिलं, तर कुणीतरी वाकून निंदण करतंय असं वाटतं. मग ते ‘कुणीतरी’ मान वर करतं आणि ती मान लालभडक असते. सारस! उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला नर सहा फुटांच्या आसपास भरतो.

ही लाली पिसांची नव्हे. डोकं आणि मानेचा वरचा भाग जवळजवळ उघडा असतो, तिथली खरबरीत कातडीच लाल. विणीच्या दिवसांत ती आणखी गडद होते. बगळ्याशी गल्लत होत असेल तर उडताना बघा: बगळा मान आखडून घेतो, सारस ती भाल्यासारखी ताठ ठेवतो. झाडावर मात्र तो दिसायचा नाही. मागचं बोट तोकडं आणि वर चढलेलं, फांदीवर पकड बसणार कशी?

त्याची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते, म्हणून हाक तुतारीसारखी घुमते. जोडी एकत्रच ओरडते, नराच्या एका हाकेला मादीच्या दोन. ताल इतका जुळलेला, की एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं.

या जुगलबंदीमुळेच सारस दांपत्यनिष्ठेचं प्रतीक झाला असावा. वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे सारसच, असं काही अभ्यासक मानतात. जहांगीर बादशहाने तर लैला-मजनू नावाची जोडी पाळली होती. अंडी ३४ दिवस उबवली, हेही त्याने लिहून ठेवलं. आजचे पक्षीशास्त्रज्ञ साधारण महिनाभर सांगतात. बादशहाची नजर पक्की होती म्हणायची.

जोडीदार गेला की दुसरा झुरून मरतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. नवा जोडीदार धरल्याच्या नोंदी आहेत. मला विचाराल तर सारसाचं खरं लग्न जागेशी लागलेलं असतं. जोडी आपला पाणथळ तुकडा राखते आणि तो दुहेरी आवाज म्हणजे शेजाऱ्यांना दिलेली ताकीद.

महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यात, तेही अगदी मोजके. विजेच्या तारा आणि कीटकनाशकं त्यांच्या मुळावर आलीत. घरटं भर पाण्यात, गवत आणि धानाची रोपं उपटून रचलेला ढीग; त्यावर बहुधा दोन अंडी. पिल्लं एक-दोन दिवसांतच आईबापांमागे पाण्यात उतरतात. धोका दिसला की आईबाप घशातून ‘कोर्र’ करतात आणि पिल्लू जिथल्या तिथे अंग चोरून निपचित पडतं. धुऱ्यावरच्या माणसाला धानावर फक्त दोन लाल माना दिसतात.